बेलवलीच्या नाक्यावर डॅनी

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर पाहायला म्हणून कोणी येत नाही. लोक इथे जागा स्वस्त मिळते म्हणून येतात, लग्नाच्या खरेदीला येतात, फार तर श्रावणात शिवमंदिराला येतात. माझा जन्म बदलापूरच्या बेलवलीचा, शाळाही तिथलीच, कॉलेज उल्हासनगरचं आणि बाबांची नोकरी अंबरनाथची. पन्नास वर्षं या तीन गावांतून जात-येत राहिले, पण त्याला प्रवास म्हणावं असं कधी वाटलं नाही. गेल्या डिसेंबरात मात्र तीन दिवसांचा प्रवास घडला. रोज संध्याकाळी घरी परत येत होते, तरीही तो प्रवासच होता.

बरोबर कॅरल होती. माझी मुलगी शीतल अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका लहान गावात शिकते आणि कॅरलच्या घरातली वरची खोली भाड्यानं घेऊन राहते. कॅरल निवृत्त शिक्षिका, शाळेत इतिहास शिकवायची. तिचे वडील रॉबर्ट दुसऱ्या महायुद्धात जहाजानं मुंबईला उतरले. बर्माकडे पाठवण्याआधी त्यांना काही आठवडे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलं होतं. ती छावणी म्हणजेच आजचं उल्हासनगर. वडिलांची पत्रं तिनं जपून ठेवली होती आणि ती जागा एकदा बघायची होती.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, तीही इंग्रजी घेऊन. त्यामुळे दुभाष्याचं काम मी कोणाला करू दिलं नाही. पुढे कॅरलचं बोलणं मी मराठीत देते आहे. तिच्या तोंडी ते जास्त थोडक्यात होतं.

आल्या दिवशी जेवताना तिनं वालाच्या बिरड्याचा दाणा सोलून पाहिला, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि मग सरळ विषयाला हात घातला.

"माझ्या मुलीचा मुलगा एव्हान एकोणीस वर्षांचा आहे. त्याला सैन्यात जायचंय. वडिलांचा गणवेशातला फोटो आमच्या भिंतीवर होता, तो त्यानं काढून स्वतःच्या खोलीत नेऊन लावला. मला म्हणाला, आजी, पणजोबा तिथे काय करत होते ते बघून ये आणि मला खरं काय ते सांग. मी परत गेले की तो भरतीच्या कागदांवर सही करणार आहे."

"मग सांगा की. अभिमानाची गोष्ट आहे," मी म्हटलं.

"अर्धी आहे," ती म्हणाली. उरलेल्या अर्ध्याबद्दल त्या दिवशी काही बोलली नाही.

उल्हासनगर

कॅम्प दोनच्या बाजारात सकाळी अकराला रिक्षा सोडली आणि पन्नास पावलांत कॅरलच्या चपलेचा पट्टा तुटला. ती एका पायावर उभी, एका बाजूनं हातगाडी, दुसऱ्या बाजूनं जीन्सच्या गठ्ठ्यांनी लादलेली स्कूटर. चांभारानं पट्टा शिवेपर्यंत शेजारच्या कापडाच्या दुकानातून परसराम काकांनी आवाज दिला. बाबांनी माझ्या लग्नाच्या साड्या त्यांच्याकडूनच घेतल्या होत्या.

"आओ बेटी, मेमसाब को अंदर बिठाओ. बाहर धूप है."

परसराम काका पंच्याऐंशीच्या घरात आहेत. फाळणीनंतर आईबापांबरोबर कराचीहून आले तेव्हा सहा-सात वर्षांचे असतील. छावणी रिकामी झाली होती, तिथे या लोकांना उतरवलं. एकेका बराकीत गोणपाट बांधून आठ-आठ कुटुंबं. आज त्या जागी चार-चार मजले उभे आहेत, पण काकांच्या दुकानाच्या पाटीवर अजून बॅरक नंबर लिहिलेला आहे. पोस्टमनही तोच विचारतो.

त्यांनी दाल पकवान मागवलं. कॅरलनं पिशवीतून वडिलांचं पत्र काढलं आणि मी ते हिंदीतून सांगितलं. पत्रात लढाईचं एक अक्षर नव्हतं. डास, धूळ, आंब्याची झाडं, आणि दिवसभर नुसतं थांबणं. शेवटी लिहिलं होतं की पलीकडच्या बराकीतला एक पोरगा तापानं गेला, त्याचं नाव मला माहीत नव्हतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आपके फादर जीत के गये?"

"हो. गावात मिरवणूक निघाली होती," कॅरल म्हणाली. "मी त्यानंतर पुष्कळ वर्षांनी जन्मले, पण त्या मिरवणुकीबद्दल इतकं ऐकलं की बघितल्यासारखी आठवते."

"अच्छा है. लड़ाई उनकी, कमरा हमारा." काका हसले, मग हसू आवरलं. "मेरी माँ बोलती थी, जिसकी खटिया पे हम सोये, वो सोल्जर पता नहीं ज़िंदा है के नहीं. रोज उसके नाम का दिया रखती थी. नाम तो मालूम नहीं था. बस, रखती थी."

हे मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा कॅरलनं पकवानाचा तुकडा ताटलीत परत ठेवला. बाहेर पडल्यावर म्हणाली, "हे एव्हानला सांगता येईल."

अंबरनाथ

दुसऱ्या दिवशी शिवमंदिर. गाभाऱ्यात उतरायला खाली पायऱ्या आहेत, देव जमिनीच्या पातळीखाली. काळ्या दगडावरचं कोरीव काम बघताना कॅरलला वेळेचं भान राहिलं नाही. देवळाच्या बाजूनं वालधुनी नदी वाहते. वाहते म्हणायचं एवढंच, रंग आणि वास दोन्ही कारखान्यांचे. मला लाज वाटली आणि मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "आमची एक नदी माझ्या लहानपणी पेटली होती." मला ती थट्टा वाटली, पण ते खरं होतं.

तिथेच पारावर बसून मी तिला माझ्या बाबांबद्दल सांगितलं. शेतकऱ्याचा मुलगा, सातवी पास, अंबरनाथच्या सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. त्या पगारावर मी बी.ए. झाले. त्यांच्याबरोबर काम केलेले तुकाराम काका जवळच राहतात. आम्ही त्यांच्याकडे चहाला गेलो.

तुकाराम काकांना युद्ध म्हटलं की ओव्हरटाइम आठवतो. "एकाहत्तरला काचांना काळे कागद लावलेले. आम्ही बारा-बारा तास उभे. रेडिओवर आपण पुढे सरकलो असं आलं की म्हणायचो, आपला माल पोचला. खंडेनवमीला मशीनला हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ. तुझा बाप तर मशीनला हात जोडल्याशिवाय कामाला लागायचा नाही."

कॅरलनं विचारलं, "तो माल कोणाला लागला, याबद्दल कारखान्यात बोलणं व्हायचं?"

मी प्रश्न जरा मऊ करून विचारला. काकांनी तरी तो बरोबर ओळखला. "नाही हो. पेटीला खिळा मारला की पेटी आपली नाही. बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी हात चालला असता का?"

परतीच्या रिक्षात मी थोडं तोऱ्यातच म्हटलं, "आमच्याकडे लोकांचं मत स्पष्ट असतं. सैनिक म्हणजे सैनिक. तुमच्याकडे म्हणे मोर्चे निघतात."

कॅरल शिक्षिकेसारखी सुरुवातीपासून सांगायला लागली. वडिलांच्या युद्धाला आज गावात कोणीही चांगलंच म्हणेल. पण तिची आजी सांगायची की आधी निम्मं गाव म्हणत होतं, ते युरोपवाल्यांचं भांडण आहे, आपली पोरं कशाला? स्वतःच्या बंदरावर बॉम्ब पडले त्या दिवशी हे बोलणं थांबलं, आणि जिंकल्यावर तर तसं कोणी कधी बोललंच नव्हतं असं झालं. व्हिएतनामचं उलट. सुरुवातीला चर्चमध्ये पाद्रीसुद्धा बाजूनं. पोरं परत यायला लागली तोवर बाजूनं असलेला एक माणूस सापडेना. इराकच्या वेळी तिच्या शाळेच्या फाटकापासून चौकापर्यंत प्रत्येक झाडाला, सैनिक सुखरूप परत यावेत म्हणून, पिवळी फीत बांधलेली. तिच्या वर्गातली दोन मुलं त्या फितींखालून इराकला गेली.

"आता गावात विचार," ती म्हणाली, "सगळे सांगतात, मला तेव्हाच पटलं नव्हतं. मग त्या फिती कोणी बांधल्या? मीही बांधल्या होत्या. मी कबूल करते."

"आणि आता?"

"आता गणवेश दिसला की दुकानात थँक यू म्हणतात आणि रांगेत पुढे जायला सांगतात. कुठे होतास, काय झालं, हे विचारत नाहीत. टीव्हीवर दुसऱ्यांच्या लढाया चालू असतात आणि आमचे लोक शस्त्रं पाठवायची की नाही यावर भांडतात. जाहिरात लागली की ते भांडणही थांबतं."

माझ्याही घरात टीव्हीवर सीमेची बातमी लागली की सगळ्यात मोठा आवाज माझा असतो. हे मी तिला सांगितलं नाही.

बेलवली

तिसऱ्या दिवशी जे घडलं त्याला मी आणि माझा धाकटा भाऊ दिनेश जबाबदार. पाहुणा आला की आम्हाला नुसतं जेवू घालून चैन पडत नाही, त्याचा सत्कार लागतो. शाल, श्रीफळ, माइक, आणि नाक्यावर फ्लेक्स. दिनेश मंडळाचा कार्यकर्ता, त्याला निमित्तच हवं होतं. आठवडाभर आधी मी शीतलला मेसेज केला होता, कॅरलच्या वडिलांचा गणवेशातला फोटो पाठव, तिला कळू देऊ नकोस. कॅरल निघाल्यावर घराची किल्ली शीतलकडेच होती. दिवाणखान्याची भिंत रिकामी होती, कारण तो फोटो एव्हानकडे. कॅरलच्या पलंगाशेजारी तिला गणवेशातल्या एका तरुणाचा फोटो दिसला. तिनं त्याचाच फोटो काढून पाठवला.

सकाळी नाक्यावर पोचलो तर मेडिकलच्या वर दहा बाय पंधराचा फ्लेक्स. मधोमध तो तरुण, जरा तिरकी टोपी, ओठ मिटलेले. त्याच्याभोवती गॉगल लावलेले अकरा शुभेच्छुक, त्यात दिनेश दोनदा. वर लिहिलेलं: दुसऱ्या महायुद्धातील वीर योद्धा कै. रॉबर्ट यांच्या कन्या कॅरल मॅडम यांचे बेलवली नगरीत सहर्ष स्वागत. फोटोला खरा झेंडूचा हारही घातला होता.

कॅरल रस्त्याच्या मधे थांबली. मागून रिक्षांचे हॉर्न सुरू झाले. मी तिचा हात धरून तिला मेडिकलच्या पायरीवर बसवलं.

"हे माझे वडील नाहीत," ती म्हणाली. "हा डॅनी आहे. माझा भाऊ."

मग उरलेलं अर्धं तिनं त्या पायरीवर सांगितलं. डॅनी तिच्याहून सात वर्षांनी मोठा. व्हिएतनामला गेला तो वडिलांचा फोटो बघूनच. परत आला तेव्हा गावच्या बसथांब्यावर कोणीच नव्हतं, वडीलसुद्धा नाहीत. त्यांचं म्हणणं, ज्या युद्धाची आपल्याला लाज वाटते त्यातून आलेल्या पोराशी काय बोलायचं? डॅनीनं गणवेश वाटेतच विमानतळाच्या संडासात बदलला होता. अकरा वर्षं तो वरच्या खोलीत राहिला, त्याच खोलीत जिथे आता शीतल राहते. मग एका सकाळी त्यानं स्वतःला संपवलं. आईनं गावात सांगितलं, अपघात. कॅरलनं मुलीला तेच सांगितलं आणि मुलीनं एव्हानला. आजीचा भाऊ सैन्यात होता हेसुद्धा एव्हानला माहीत नाही.

दिनेश धावत आला होता. चेहरा बघूनच त्याला काहीतरी चुकल्याचं कळलं. "ताई, पाच मिनिटांत उतरवतो. कॅरलताईंना सांग, सॉरी म्हणावं."

मी सांगायच्या आत कॅरलनं विचारलं, "फोटोखाली काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. वीर योद्धा हे शब्द इंग्रजीत सांगताना माझी जीभ अडखळली.

"डॅनीला असं कोणीच म्हटलं नाही," ती म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. एव्हानचा होता, त्यांच्याकडे आदल्या दिवसाची रात्र. दिनेशनं पाठवलेला फ्लेक्सचा फोटो शीतलनं कौतुकानं स्टेटसला ठेवला होता आणि तो त्यानं पाहिला होता. त्याचा आवाज मला बाजूनं ऐकू येत होता. "आजी, हा कोण आहे? पणजोबा असे दिसत नव्हते."

कॅरलनं डोळे मिटले. मला वाटलं, आता ही अपघात म्हणेल आणि सगळं मिटेल. तिच्या जागी मी तेच म्हटलं असतं.

"उद्या सकाळी उठलास की फोन कर," ती त्याला म्हणाली. "तेव्हा इथे संध्याकाळ असेल. मी सगळं सांगते."

फोन ठेवून तिनं दिनेशला विचारलं, फ्लेक्सवरची अक्षरं बदलता येतात का? दिनेशनं तासाभरात प्रिंटरकडून तीन पट्ट्या आणून चिकटवल्या. रॉबर्टवर डॅनियल, दुसऱ्या महायुद्धावर व्हिएतनाम, कन्यावर भगिनी. पट्ट्यांचा रंग जरा वेगळा आला, पण वाचता येत होतं.

संध्याकाळी पन्नास-साठ माणसं जमली. गणपतीचा माइक, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पहिल्या रांगेत बायका. शीतलनं व्हिडिओ कॉल लावला आणि मी फोन टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. पलीकडे शीतल आणि तिच्या शेजारी विस्कटलेल्या केसांचा एव्हान. कॅरलला शाल दिली, नारळ दिला, बोला म्हटलं.

ती लोकांकडे बघून बोलत होती, पण वाक्यं फोनसाठी होती. मी एकेक वाक्य मराठीत करत गेले. तो परत आला, पण त्याला घ्यायला कोणी आलं नाही, मी तेरा वर्षांची होते आणि त्याला काही विचारू नकोस असं आईनं मला बजावलं होतं, इथवर ठीक चाललं. मग ती म्हणाली, अकरा वर्षांनी त्यानं आपला जीव घेतला. समोर शालूतल्या म्हाताऱ्या बसलेल्या. 'वीरगती' हा शब्द माझ्या अगदी ओठावर आला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण मी तिनं सांगितलं तसंच सांगितलं.

कोणी टाळी वाजवली नाही. दिनेश माइककडे सरकला, त्याला जयघोष द्यायचा होता. मी मान हलवून थांबवलं.

मागून आवाज आला, "मॅडमना विचारा, कोणी तरी विचारलं का त्याला, तिकडे काय झालं म्हणून?"

आमच्या सोसायटीचे वॉचमन शांताराम भाऊ होते. ड्यूटीच्या निळ्या शर्टातच आले होते.

"नाही," कॅरल म्हणाली. "मीसुद्धा नाही विचारलं."

"मलापण नाही." शांताराम भाऊ दोन पावलं पुढे आले. एक पाय ओढत चालतात ते, आम्ही समजायचो वातानं. "मी श्रीलंकेला होतो. शांतिसेनेत. उतरलो तेव्हा हार घेऊन कोणी नव्हतं. हाराचं सोडा. घरी आलो तर भाऊ म्हणाला, सुट्टी किती आहे? गावात म्हणायचे, आपण तिकडे कशाला गेलो होतो? मला काय माहीत. बसवलं जहाजात, गेलो."

गेली नऊ वर्षं मी त्या माणसाच्या हातून पार्सलं घेते. दिवाळीला फराळ देते. बी.ए. झालेली मी, चार लोकांत बोलणारी. त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

फोनमधून एव्हान काहीतरी बोलला. कॅरलनं मला खूण केली. "त्या गृहस्थांना विचार, म्हणतो, परत जायला सांगितलं तर जाल का?"

शांताराम भाऊंनी फोनकडे वाकून पाहिलं. पोराचा चेहरा नीट दिसावा म्हणून चष्मा वर केला. "एकवीसचा असताना विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं. आता पाय नाही म्हणतो." खुर्च्यांतून थोडं हसू आलं. ते थांबल्यावर पुढे म्हणाले, "जायचं की नाही ते मी कोण सांगणारा? परत आलास तर कोणाशी तरी बोल, म्हणावं. मी नाही बोललो."

मी ते इंग्रजीत सांगितलं. एव्हान स्क्रीनच्या जवळ सरकला. मग म्हणाला, "आजी, त्यांना थँक यू नको म्हणूस. नाव विचार."

शांताराम भाऊंनी नाव सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. कॅरलनं आपल्या खांद्यावरची शाल काढून त्यांच्या खांद्यावर घातली. ते संकोचले, पण राहू दिली.

कॅरल दोन दिवसांनी परत गेली. एव्हाननं महिनाभर सही केली नाही. रोज संध्याकाळी येऊन आजीबरोबर बसायचा आणि डॅनीबद्दल विचारायचा. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता जात नाही. पण फेब्रुवारीत त्यानं सही केली. गाडी घेऊन सोडायला कॅरल स्वतः गेली, शीतल बरोबर होती. कॅरलनं रडारड केली नाही. म्हणाली, तू येशील तेव्हा लोकांचं मत काय असेल ते मला सांगता येत नाही, पण थांब्यावर मी असेन.

करार चार वर्षांचा आहे. कॅरल पुढच्या महिन्यात सत्तर पूर्ण करेल. शीतल सांगते, तिनं साखर सोडली आहे आणि बर्फ असो नसो, रोज सकाळी तासभर चालायला जाते.